पाळी, बैठक आणि शरीराचे वेळापत्रक

मराठीत 'पाळी' हा शब्द गिरणीच्या फार आधीपासून आहे. सामायिक विहिरीवर चार भाऊबंदांची मोट चालत असे, तेव्हा कोणाचे बैल कोणत्या दिवशी जुंपायचे हे पाळीने ठरे. कालव्याचे पाणी आले तेव्हा 'पाणीपाळी' हा शब्द पाटबंधारे खात्याच्या कागदांतही गेला. पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या देतात. देवळातील पुजाऱ्यांच्या घराण्यांत पूजेची पाळी असते, आणि स्त्रीच्या शरीराची पाळी तर सर्वांना ठाऊकच आहे. या सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे. पाळी 'येते'. ती क्रमाने येते आणि आपली झाली की दुसऱ्याकडे जाते. विहिरीवरची पाळी ही हिस्सेदारांतील वाटणी होती. तिच्यात भांडणे होत, पण ज्याची पाळी त्याचे पाणी, एवढे तरी निश्चित असे.

कापडाच्या गिरणीने हा शब्द घेतला आणि त्यातील हिस्सेदार काढून टाकला. गिरणीत पाळी माणसाची राहिली नाही, ती यंत्राची झाली. यंत्र चोवीस तास चालणार. त्यापुढे उभे राहण्याची 'पाळी' आज याची, उद्या त्याची. 'माझ्यावर अशी पाळी आली' या वाक्प्रचारातील दुर्दैवाचा सूर गिरणीपूर्वीचाच असावा, पण रातपाळीहून परतणाऱ्या माणसाच्या तोंडी तो अधिक शोभतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दुर्दैव हा नाही. पाळीमुळे माणसाच्या शरीराचे काय झाले, त्याने चालावे केव्हा, उभे राहावे किती आणि बसावे केव्हा हे कोण ठरवू लागले, हा आहे. कामगारांच्या इतिहासात वेतन, संप, पुढारी यांवर पुष्कळ लिहिले गेले. शरीराच्या हालचालीचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या आधाराने त्याकडे पाहता येते, कारण येथे गिरणी, रेल्वे, साखर कारखाना आणि रात्रीची वीज अशी पाळीची निरनिराळी रूपे एकाच मुलखात सापडतात.

नांदेडचा गावरानी कापूस प्रसिद्ध होता. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातील रेल्वेमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्यावर या कापसाला बाजार मिळाला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि त्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने, उस्मानशाही मिल उभी राहिली. भोवतालच्या खेड्यांतून माणसे गिरणीत आली. ज्या माणसाने आयुष्यभर कोंबड्याच्या आरवण्यावर दिवस मोजला होता तो आता भोंग्यावर मोजू लागला.

या बदलाचे स्वरूप नीट समजण्यासाठी मुंबईकडे एकदा पाहावे लागते, कारण गिरणीचे घड्याळ प्रथम तेथे घडले. मुंबईच्या गिरण्यांत आरंभी कामाची मर्यादा सूर्य ठरवीत असे. अंधार पडला की सूत दिसत नसे, म्हणून यंत्र थांबे. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे सर्रास आले आणि ही नैसर्गिक मर्यादा संपली. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. त्यावर ओरड झाली, चौकशा झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. १९२२ मध्ये अकरा तासांची, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी दहा तासांची आणि १९४८ मध्ये नऊ तासांची, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली. निजामाच्या राज्यात हे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नव्हते. तेथे दरबारचा कायदा वेगळा. विलीनीकरणानंतर नांदेडच्या कामगाराला १९४८ चा कायदा मिळाला.

ही सरळ प्रगतीची कहाणी म्हणून सांगितली जाते, आणि एका अर्थी ती आहेही. पण तिच्यातील एक उपरोध नजरेआड होतो. माणसाचे तास जसजसे कमी झाले तसतसे यंत्र रिकामे राहू लागले, आणि रिकामे यंत्र मालकाला परवडत नाही. आठ तासांचे काम हाती येताच चोवीसला आठाने भागण्याचा हिशेब सोपा झाला. कामगाराच्या विश्रांतीच्या हक्कातूनच तीन पाळ्यांची व्यवस्था पक्की झाली. दिवस लहान झाला आणि रात्र कामाला लागली.

गिरणीतले शरीर स्वस्थ नव्हते. सूतखात्यात साच्याच्या लांबीभर येरझारा घालीत तुटलेले धागे सांधावे लागत; मागावरचा विणकर पाळीभर उभा. कोणी अंतर मोजले असते तर कित्येक मैल भरले असते. आजच्या भाषेत बोलायचे तर हे 'सक्रिय' लोक होते. तरीही या चालण्याने कोणी धडधाकट झाल्याची आठवण गिरणगावात नाही. आठवण आहे ती तालमीची. परळ-लालबागच्या चाळींच्या आसपास तालमी आणि व्यायामशाळा होत्या. त्यांचे वस्तीच्या राजकारणातील स्थान राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या इतिहासात दाखविले आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून जो इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आणला, त्यातही भजनी मंडळे, शाहिरी आणि खेळ यांना कामाइतकेच स्थान आहे. दिवसभर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी पुन्हा जोर-बैठका मारायला का जात असेल? आर्थिक हिशेबात हा प्रश्न बसत नाही. साच्यापुढचे चालणे साच्याच्या गतीने होते. तालमीतले शरीर त्याचे स्वतःचे होते. थकवा दोन्हीकडे होता, पण दुसरा थकवा त्याने निवडलेला होता.

मराठवाड्यातही कुस्ती काही बाहेरून आलेली नव्हे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही फड भरतो. पैलवानाचे सारे शास्त्र नेमावर उभे असते: पहाटे उठणे, ठरावीक वेळी खुराक, ठरावीक वेळी झोप. पाळी नेमके हेच मोडते. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला पाळी बदलते, म्हणजे ज्या पहाटे या आठवड्यात लंगोट कसायचा, त्याच पहाटे पुढच्या आठवड्यात कामावरून परत येऊन अंथरूण गाठायचे. कबड्डीच्या संघाचे तेच, भजनी मंडळाचे तेच. सात जणांचा संघ तीन पाळ्यांत विभागला गेला की मैदानावर येतात ते तिघे-चौघे. पाळी माणसाचा वेळ खाते हे खरे, पण त्याहून अधिक नुकसान ती दुसऱ्याच्या वेळेशी जुळणी होऊ देत नाही यात आहे. हालचालीचा आनंद बहुधा सामुदायिक असतो, हे व्यायामाचा सल्ला देणारे विसरतात.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावे. मामा वरेरकरांच्या गिरणीवरील कादंबरीचे नाव 'धावता धोटा' (१९३३). या नावात धावतो तो धोटा. माणूस त्याच्या मागे उभा आहे. मराठीतील कामगार-साहित्याने पुढे घाम, भोंगा, मोर्चा, संप ही शरीराची रूपे समर्थपणे उभी केली. नारायण सुर्वे यांचे नाव या संदर्भात घ्यायलाच हवे. परंतु बसण्याविषयी या साहित्यात फार थोडे आहे. अपवाद आढळतो तो गिरणी बंद पडल्यानंतरच्या लेखनात. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर जे घर उरले ते जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात आहे, आणि त्या घरातली माणसे बसलेली आहेत. 'घरी बसणे' या मराठी प्रयोगाचा पुरा अर्थ तेथे कळतो. नांदेडच्या गिरणीला १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाने काही काळ आधार मिळाला, ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पण पुढे तीही बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले म्हणून त्यांच्यावर पुस्तके निघाली. नांदेडच्या वाट्याला तेवढी शोककथाही आली नाही.

बसणे हा शब्द आपल्याकडे साधा नाही. बैठक म्हणजे प्रतिष्ठा. लातूरच्या अडत बाजारात तूर आणि सोयाबीनची पोती हमालाच्या पाठीवरून जातात आणि त्यांचा हिशेब गादीवर बसून होतो. गावगाड्यातही कोणी ओसरीवर बसावे, कोणी पायरीशी आणि कोणी अंगणात उभे राहावे हे जातीने ठरलेले होते. उभे राहणे ही सेवा आणि बसणे हा अधिकार, अशी ही जुनी वाटणी आहे. (पैलवानाची 'बैठक' हा शब्द त्याच धातूपासून आलेला, पण त्यात बसून राहायचे नसते, बसल्याबरोबर उठायचे असते. भाषेने येथे सुंदर खोडी काढली आहे.) या पार्श्वभूमीवर १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ४४ वाचावे. ज्या कामगारांना उभे राहून काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची योग्य सोय ठेवावी, म्हणजे कामाच्या ओघात विसाव्याची संधी मिळाली तर तिचा लाभ घेता येईल, असे ते कलम सांगते. स्वतंत्र भारताच्या कायद्याने खालच्या माणसाला बसण्याचा हक्क दिला, ही घटना मला मतदानाच्या हक्काइतकी नाही तरी त्याच जातीची वाटते. तो कायदा आता नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे, पण बसण्याच्या सोयीची तरतूद तिच्यातही राहिली. दुकानांतील कामगारांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये असाच कायदा केला. तेथील स्त्रियांना दिवसाचे दहा-दहा तास उभे ठेवले जात होते.

कायद्याने बसण्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले आहे, आणि त्यासाठी गिरणीतून रेल्वेत यावे लागते. नांदेड हे २००३ पासून दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. रेल्वेच्या कामाचे तास ठरविताना कर्मचाऱ्यांचे वर्ग पाडले जातात. त्यांतील एका वर्गाची व्याख्या १९८९ च्या रेल्वे अधिनियमात आहे: बारा तासांच्या कामात निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ असा जातो की, माणूस कामावर आहे, पण त्याला शारीरिक हालचाल किंवा सतत लक्ष यांपैकी काहीच करावे लागत नाही. अशा कामाला आठवड्याला पंचाहत्तर तासांपर्यंत मुभा. एरवीच्या सलग कामाला चोपन्न. आडवळणावरचा फाटकवाला बहुधा या वर्गात मोडतो. दोन गाड्यांच्या मधले त्याचे बसणे कायद्याच्या लेखी अर्धी विश्रांतीच, म्हणून त्याचा दिवस अधिक लांब. पण तो बसलेला माणूस उठून घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, शेजाऱ्याच्या लग्नाला जाऊ शकत नाही. त्याचे बसणे रेल्वेच्या मालकीचे आहे. त्याच रुळांवरून पावसाळ्यात रात्रीची गस्त घालणारा कामगार कंदील किंवा बॅटरी घेऊन मैलोगणती चालतो, आणि गाडीचा चालक बसून जातो. एकाच रात्री, एकाच मार्गावर, चालणे आणि बसणे यांची ही वाटणी कामगाराने केलेली नाही.

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाकडे लक्ष दिले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लंडनच्या दुमजली बसमधील चालक आणि वाहक यांचा जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी, बसून असणाऱ्या चालकांना अधिक, असे त्यात आढळले. 'बैठ्या' जीवनाच्या धोक्याचे सारे आधुनिक शास्त्र येथून सुरू होते असे म्हटले जाते. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चालक मुळातच कमरेने जाड होते असे दिसले. म्हणजे कामाने माणूस घडतो की माणूस पाहून काम मिळते, हा पेच राहिलाच. आपल्याला अधिक जवळचा अभ्यास १९५६ चा. जाँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्याप्रसाद मित्र यांनी बंगालमधील ताग गिरणीतील माणसांचा आहार आणि वजन तपासले. कष्ट जसे वाढतात तसा आहार वाढतो, हे त्यांना बऱ्याच टप्प्यापर्यंत दिसले; पण अगदी बैठे काम करणारे, कारकून-दुकानदार, कमी न खाता अधिकच खात होते आणि त्यांचे वजनही अधिक होते. एकाच गिरणीच्या आवारात गादी आणि हमाली यांची शरीरे वजनकाट्यावर वेगळी दिसली.

पण मग साच्यापुढे मैलभर चालणारा निरोगी का नाही? या प्रश्नाला अलीकडे डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमन यांच्यासारख्या संशोधकांनी तोंड फोडले. फावल्या वेळातील हालचाल हृदयाला हितकर ठरते. कामावरची हालचाल तशी ठरत नाही, काही वेळा घातकही ठरते. कारणे विचार करण्यासारखी आहेत. कामावरची हालचाल फार लांबते, तिचा जोर माणसाला हवा तेव्हा कमी-अधिक करता येत नाही, ओझे धरून उभे राहण्याने रक्तदाब चढलेला राहतो आणि पुरेसा विसावा मिळत नाही. पाळीत काम करणारी माणसे दिवसपाळीच्या माणसांपेक्षा एकंदर कमी बसतात, असेही काही अभ्यासांत दिसते. तरी मधुमेह आणि हृदयविकार त्यांच्यातच अधिक. रात्रपाळीला कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये नोंदविले आणि २०१९ मध्ये ते मत कायम ठेवले. शरीरातील घड्याळ उजेड-अंधारावर चालते. भरल्या रात्री जेवलेले अन्न आणि भर दुपारी घेतलेली झोप त्याला मानवत नाही. तालमीत जाणाऱ्या गिरणी कामगाराला हे घड्याळ माहीत नव्हते, पण कोणती हालचाल आपली आणि कोणती परक्याची हे त्याला कळत होते.

आता लातूरकडे वळू. तेथे पाळी म्हटले की कारखान्याच्या आधी पाणी आठवते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या महिन्यांत टँकर आणि नळ यांच्या वेळा कोणाच्याच हाती नव्हत्या. रांगेत घागरी मांडून बसायचे, पाळी आली की उठून ओझे वाहायचे, पुन्हा बसायचे. ही पाळी बहुतांशी बायकांची होती आणि ती कोणत्याही हजेरीपटावर नाही. कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्रीच्या कामापासून दूर ठेवले होते. घराच्या पाण्याला असा कायदा नाही.

साखर कारखान्याचा गळीत हंगाम हे मराठवाड्यातील पाळीचे दुसरे रूप. तोडलेला उसाचा साखर-उतारा तासागणिक घटतो, म्हणून कारखाना हंगामभर रात्रंदिवस चालतो. आतल्या कामगाराला तीन पाळ्या आहेत, त्याच्या पाळीची शिट्टी आहे. बाहेर फडात कोयता चालविणाऱ्या जोडप्याला पाळी नाही. पहाटे तोडणी, दिवसभर मोळ्या बांधणे, आणि गाडी रात्री ज्या वेळी येईल त्या वेळी उठून ती भरणे. कारखान्याच्या तिन्ही पाळ्यांचे एकत्रित ओझे या एका जोडीवर पडते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी निघणाऱ्या या माणसांना हालचाल कमी पडते असे कोणी म्हणणार नाही.

आणि जो जागेवरच राहतो, त्या बागायतदाराचे काय? त्याच्या शेतावर गेली कित्येक वर्षे विजेने पाळी लावली आहे. कृषिपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी चक्राकार मिळत आली आहे. 'या आठवड्यात रात्रीची लाईट आहे' हे वाक्य नांदेड-लातूरच्या कोणत्याही गावात ऐकू येते, आणि त्याचा अर्थ गिरणीतल्या रातपाळीहून निराळा नाही. फरक एवढाच की येथे भोंगा नाही, भत्ता नाही आणि विंचू-साप आहेत. मोटेच्या काळात रात्री पाणी सहसा काढले जात नसे, कारण बैलांना विसावा लागे. धावेवरून बैलांमागे जाणे आणि परत येणे यात माणसाचे चालणे होते, मोटेची गाणी त्या चालीवर रचली गेली. विजेच्या मोटारीला विसावा लागत नाही. बटण दाबले की माणसाने बांधावर बसायचे, वाफा भरला की उठून दारे धरायचे, फावड्याने पाणी दुसऱ्या सरीत वळवायचे आणि पुन्हा थंडीत बसायचे. मध्येच वीज गेली तर ती येण्याची वाट पाहत बसायचे. हे रेल्वेच्या व्याख्येतले बसणे आहे. कामावर आहे, पण काम नाही.

'दिवसा वीज द्या' ही मागणी मराठवाड्यात वर्षानुवर्षे होत आली. शेतकऱ्याने काम कमी करून मागितले नाही, दिवस परत मागितला. सौर कृषिवाहिनीची योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला, आणि जेथे ती पोचली तेथे रात्रीचे जागरण थांबते. इतरांनी दरम्यान आपापली वाट काढली. मोबाईलवरून मोटार सुरू करणारे स्टार्टर आता खेडोपाडी दिसतात. अंथरुणातून उठल्यावाचून पंप चालू करता येतो. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला मात्र माणसालाच उठून जावे लागते.